बापू गद्र्यांचा फळा

मांडव्याला बंदराच्या वाटेवर बापू गद्र्यांच्या ओटीवर एक काळा फळा टांगलेला असे. शाळेतून निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी बापूंच्या हातचा खडू काही सुटेना. रोज सकाळी आधी इतिहास, आणि त्याखाली घरची खबर. 'सन १७३९, याच महिन्यात मराठ्यांनी वसई सर केली. आमचे कुटुंबाने काल आमटी खारट केली.' बोटीला निघालेली माणसं थांबून वाचत, फिदीफिदी हसत, आणि आत आनंदीबाई दातओठ खात.

"अहो, घरातलं कशाला चव्हाट्यावर?"

"आजची खबर तोच उद्याचा इतिहास. तुला काय कळतंय!"

मग एके दिवशी फळ्यावर आलं : 'सन १८१८, याच महिन्यात रायगड इंग्रजांनी घेतला. आम्ही सहकुटुंब भाचीच्या लग्नास अलिबागेस जात आहोत. चार दिवस घरी कोणी नाही.'

लग्न जेवून परत आले, तर दाराचा कोयंडा उचकटलेला. चोरांनी देवघरातल्या समयांपासून न्हाणीतल्या घंगाळापर्यंत सगळं धुऊन नेलं होतं. फळ्याला तेवढा कुणी हात लावला नव्हता.

ओटीवर गाव जमला. बापू कडाडले, "किल्ला तोफेनं पडत नाही, फितुरीनं पडतो! आतली बातमी बाहेर दिली कुणी?"

आनंदीबाईंनी फळा खुंटीवरून उतरवला आणि सगळ्यांदेखत नवऱ्याच्या हातात दिला.

"घ्या, सापडला फितूर," त्या म्हणाल्या. "अक्षर मात्र वळणदार आहे हो मेल्याचं!"