ब्रांकोलीच्या वळणावर अकरा सेकंद

मेंदूच्या झटक्यानंतर आल्वारो लेंचोनींचं सगळं परत आलं. फक्त डाव्या हाताचा अंगठा परत आला नाही. विजेच्या सायकलीचं बटण नेमकं डाव्या मुठीशी असतं. वरची बाजू एकदा दाबली की मोटारचा जोर एक पायरी वाढतो, खालची दाबली की एक पायरी उतरतो. अशा तीन पायऱ्या. एका पायरीसाठी आल्वारोंना दोन ते तीन सेकंद लागायचे. आधी अंगठा कुठे आहे ते ते डोळ्यांनी बघायचे, मग त्याला बटणावर न्यायचे. सवयीने मी मोजून ठेवलं होतं. मी भौतिकशास्त्र शिकले आणि आता इटलीतल्या लुक्का शहराच्या तटाबाहेर सायकलींचं दुकान चालवते. मोजण्याची खोड तेवढी राहिली.

मे महिन्यापासून आम्ही दर गुरुवारी टेकड्यांवर जायचो. मी त्यांच्या डाव्या बाजूला असायची आणि चढ लागला की हात लांब करून त्यांचं बटण दाबायची. ज्या रस्त्यांवर त्यांनी पन्नास वर्षं घाम गाळला होता, ते त्यांनी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा पाहिले.

"पोरी, हे चेरीचं झाड कधीपासून आहे इथे?"

"खोडावरून चाळीसेक वर्षं तरी असेल."

"चाळीस वर्षं मी पुढच्याचं ढुंगण बघत चढलोय," ते म्हणाले. "ढुंगण विचार, कुणाचंही ओळखून दाखवतो."

मग ते मनातलं बोलायचे. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचा सायकलवाल्यांचा गट श्रद्धांजलीचं लॉरेलच्या पानांचं चक्र घेऊन ब्रांकोलीचा चढ चढतो. वरच्या चर्चच्या अलीकडे एक दगडी पाटी आहे, तिच्यावर गटातल्या मेलेल्यांची नावं आहेत. शेवटचं नाव व्हास्कोचं, आल्वारोंच्या धाकट्या भावाचं. त्याला वीस वर्षांपूर्वी चर्चखालच्या वळणावर ट्रकने उडवलं. यंदा चक्र वाहायची पाळी आल्वारोंची होती. चक्र पाठीला बांधायचं, पाटीपर्यंत पाय टेकायचा नाही, कुणाची मदत घ्यायची नाही. पाठीवर कुणाचा हातसुद्धा चालत नाही. नियम मोडणाऱ्याने गट सोडायचा. आजवर एकानेच मोडला होता, आणि त्याचं नाव आता कुणी काढत नाही.

साध्या सायकलीवर आल्वारोंचा तोल राहत नव्हता. म्हणून ते गटाला म्हणाले, माझी रुंद मुठींची सायकल घेतो, मोटार बंद ठेवतो.

याचा निकाल रोलान्दो फानुक्कीने द्यायचा होता. तो गटाचा म्होरक्या, आल्वारोंचा शाळेपासूनचा मित्र. एका गुरुवारी टेकडीवर तो आम्हाला भेटला होता आणि तासभर आमच्या मागेमागे आला होता. आता तो माझ्या दुकानात येऊन उभा राहिला.

"डॉक्टरीणबाई," तो म्हणाला. आमच्याकडे पदवी घेतलेल्या कुणालाही असंच चिडवतात. "मोटार बंद होती याचा पुरावा मिळेल का?"

"बॅटरीच काढून ठेवा. सायकल तीन किलोने हलकी होईल."

"छे. उद्या कुणी म्हणेल, खिशात घेऊन गेला, वाटेत लावली. कागदावर पाहिजे."

मला प्रश्न आवडला, हे कबूल करते. मी एक छोटी नोंदपेटी जुळवली. दर सेकंदाला वेग, पायांचा जोर, मोटारचा जोर. आणि बटण दाबलं गेलं तर त्याची नेमकी वेळ. बॅटरी जागेवरच राहिली, कारण नोंदपेटी तिच्यावर चालणार होती.

त्या रविवारी मी वर पाटीपाशी बडीशेपेचा गोड पाव घेऊन थांबले. नऊ जण निघाले होते. आधी सात जण पोचले, मग आल्वारो, आणि त्यांच्या डाव्या बाजूला रोलान्दो. आल्वारोंचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी पाय टेकला तो थेट पाटीपुढे. चक्र सोडायला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. खिळ्याला ते अडकवायला त्यांना चार खेपा लागल्या.

"त्या वळणावर," ते दम खात म्हणाले, "संपलोच होतो मी. पाय टेकणारच होतो. आणि व्हास्कोने ढकललं मला. हसू नका. शपथेवर सांगतो, मागून ढकललं. दहा-बारा सेकंद. मग सोडलं."

कुणी हसलं नाही. रोलान्दो माझ्याकडे वळला. "डॉक्टरीणबाई, वाचा."

मी नोंदपेटी फोनला जोडली. पायथ्यापासून मोटारचा जोर शून्य. शून्य, शून्य. मग वळण.

मी गप्प राहू शकले असते. पण मला प्रश्न विचारला होता आणि उत्तर माझ्या हातात होतं. उत्तर माहीत असताना गप्प राहणं मला आजवर जमलेलं नाही.

"मोटार अकरा सेकंद चालू होती," मी म्हणाले. "सरासरी दोनशे चाळीस वॅट."

"बघा," गटातला एक जण म्हणाला, "व्हास्को मेल्यावर तगडा झालाय. जिवंतपणी शंभराच्या वर जात नव्हता."

आता मात्र सगळे हसले. आल्वारोंनी आपल्या डाव्या अंगठ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"लागला असेल," ते म्हणाले. "मला कळत नाही त्याचं."

रोलान्दोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नियम आहे रे, आल्वारो."

"माहितेय. मीच लिहिलाय." त्यांनी चक्र खिळ्यावरून काढलं आणि रोलान्दोच्या हातात दिलं. रोलान्दोने ते एकाच खेपेत अडकवलं.

मंगळवारी मी त्या नोंदींचा आलेख काढला. कारण काही नव्हतं, नुसतं कुतूहल. तेव्हा बटणाच्या वेळा दिसल्या. तीन दाब, आठ दशांश सेकंदात. अकरा सेकंदांनी पुन्हा तीन, तितक्याच झटपट, मोटार बंद करायला. आल्वारोंच्या अंगठ्याला एवढ्या वेळात बटण सापडतसुद्धा नाही.

ते कसं दाबायचं हे रोलान्दोला कुणी शिकवलं, तेही मला कळलं. त्या गुरुवारी तासभर तो माझा हात बघत मागून आला होता.

आलेख घेऊन मी चौकातल्या बारमध्ये गेले. गट तिथेच बसला होता. रोलान्दोने कागद नीट वाचला, चष्मा लावून.

"छान काढलाय," तो म्हणाला.

"तुम्ही दाबलंत."

"ओरडू नकोस, इथे सगळ्यांना माहीत आहे." बाकीचे कपात बघत होते. "दर रविवारी गटाच्या फेरीत अर्धा तास त्याची वाट बघायची. उतारावर तो पडतो, त्याला उचलायचं. आम्हीसुद्धा सत्तरी ओलांडलीय, किती रविवार उरलेत आमचे? आणि व्हास्कोच्या भावाला 'येऊ नकोस' कोण सांगणार? तू सांगितलं असतंस?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"सांगितलंस की. आमच्यापेक्षा बरं सांगितलंस, वॅटसकट." त्याने कागद घडी घालून मला परत दिला. "जा, दाखव त्याला. पोरगा होता तेव्हापासूनचे आठ मित्र आहेत त्याला. बघ त्यातला एक तरी उरतो का."

गुरुवारी नेहमीच्या वेळेला आल्वारो दुकानात आले. हेल्मेट डोक्यावर, पण सायकल हाताने ढकलत आणलेली.

"ही ठेव. टेकड्यांवर दुसरं कुणीतरी बघेल तुझं चेरीचं झाड."

"सिन्योर आल्वारो, बसा ना."

"नको. एकच विचारायचं होतं. तू शिकलेली आहेस, खोटं बोलणार नाहीस. तो आकडा चुकीचा असू शकतो?"

घडी घातलेला कागद माझ्या खिशात होता.

"नाही," मी म्हणाले. "आकडा बरोबर आहे."

"मोटारच होती."

"मोटारच होती."

"म्हणजे तो नव्हता."

"नाही."

त्यांनी मान हलवली, एखाद्या दुकानदाराने भाव सांगावा आणि तो पटावा तशी. मग हनुवटीखालचा पट्टा सोडवायला गेले. अंगठा खटक्यावरून दोनदा घसरला. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. मान वर करून माझ्यासमोर उभे राहिले.

मी हात लांब केला आणि खटका दाबला. एकाच दाबात सुटला.