सगळे मासे एकाच हौदात

आता साहेबलोकांचं कसं असतं, त्यांना सगळं भरलेलं दिसावं लागतं. ताईच्या घरामागे चार हौद होते आणि चारही हौदांत मासे बेताचेच. मासा वाढवायचा तर त्याला जागा लागते, एवढी साधी गोष्ट. पण धाकट्या भावाला कोण सांगणार! तो म्हणाला, "ताई, कर्ज देणारी माणसं येताहेत. अर्धे रिकामे हौद बघून काय म्हणतील? सगळे एकातच टाकू. तासाभराचा तर प्रश्न आहे."

"आणि बिजाच्या माद्या?"

"त्या तर हव्यातच. त्याच डोळ्यांत भरतात."

पिल्लांसाठी राखलेल्या या माद्यांपायी ताईने नऊ वर्षं घालवली होती. दर वर्षी लवकर वाढलेले मासे निवडायचे, त्यांचीच पिल्लं धरायची. आता तिचा मासा नुसत्या भाजीच्या पाल्यावर पाच महिन्यांत ताटात येण्याजोगा व्हायचा. विकतचं खाद्य नको, काही नको. दहा जिल्ह्यांत तो न्यायचा म्हणजे कर्ज हवंच. आणि ही जात होती फक्त त्या बेचाळीस माद्यांच्या पोटात. तरी ताई हो म्हणाली.

पाहुणे अडीच तास उशिरा आले. एक साहेब आणि एक कॅमेरावाली. साहेब बोलायला लागले आणि मध्येच थांबले. "तो पंप जरा बंद करता का? फार आवाज येतोय." भावाने धावत जाऊन बटण दाबलं. पाण्यात हवा सोडणारा तोच एक पंप होता.

थोड्याच वेळात शेकडो तोंडं वर आली आणि उघडझाप करायला लागली.

"अरे वा! भूक बघा केवढी!" साहेब एकदम खूष.

भुकेला मासा उसळी मारून खाली जातो. हे खाली जात नव्हते. जीव गुदमरत होता बिचाऱ्यांचा, आणि ताईला ते पहिल्या नजरेतच कळलं. तिने भावाकडे पाहिलं. त्याची पाचावर धारण बसली होती, पण मान मात्र नकारार्थी हलत होती. पंप लावा म्हटलं की एका हौदात मासे कोंबल्याचं सगळं सोंग उघडं पडणार, कर्ज गेलंच. ताईने अवाक्षर काढलं नाही. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. तेही आलं नाही. दात काढण्याआधी हिरडी होते तशी ती आतून बधिर झाली.

साहेब वीस मिनिटं बोलले. हजार हौद, गावोगावच्या बायका, पोराबाळांच्या पोटात मासा. एक मोठी मादी कुशीवर कलंडली.

"ही बघा, लाडात आलीय!" साहेब म्हणाले.

सगळे हसले. ताईसुद्धा हसली.

मग फाइल उघडली. "ताई, वर्षभरात किती पिल्लं द्याल?"

"वीस लाख," ताई म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच भाऊ पंपाकडे पळाला. पण पांढरी पोटं एकेक करून वर येत होती, आणि त्यांत माद्या आधी. माद्या दुसऱ्या हौदात हलवायला उचललेलं जाळं भावाने तिथेच टाकून दिलं.

"ताई, अगं काहीतरी बोल ना!"

"कर्ज मिळालं रे," ताई म्हणाली. "आता वाढवायचं काय, तेवढं सांग."