रुसलेली पेटी

त्या शनिवारी काष्टीच्या बाजारात गहिनीनाथांना काय मिळायचं होतं, ते आधी सांगितलेलं बरं. दिवाळीनंतर नगरात तमाशाच्या फडांची स्पर्धा व्हायची होती आणि परीक्षकांची एक खुर्ची रिकामी होती. खुर्चीबरोबर हार, हाराबरोबर हँडबिलावर नाव, आणि नाव एकदा छापलं की जन्मभर जाईल तिथं 'या नाथदादा, बसा'. घालवायची होती एक सकाळ. इतका स्वस्त सौदा घोडेगावच्या बैलबाजारात मुरलेल्या दलालालाही साधला नसता.

खुर्ची त्यांच्याकडं सरकत होती ती एका सदरामुळं. नगरच्या एका साप्ताहिकात ते 'जत्रेची चव' लिहायचे. तमाशा असो, सर्कस असो, निकाल मिठाच्या भाषेत. चवदार, बेताचा किंवा अळणी. 'चवदार' त्यांनी क्वचित लिहिलं. 'अळणी' लिहायला मात्र त्यांचा हात नेहमी मोकळा. आणि खरं सांगायचं तर लोक विकत घ्यायचे ते अळणीसाठीच. दुसऱ्याची फजिती चहाबरोबर बरी लागते.

संपादक म्हणाले होते, "नाथराव, स्पर्धेच्या कमिटीत कुजबुज आहे की तुम्ही जुन्या वळणाचे. काहीतरी नव्या खेळावर लिहा, म्हणजे तोंडं बंद होतील."

नवा खेळ काष्टीत पुंजारामच्या पिठाच्या गिरणीला लागून उभा होता. ताडपत्रीचा आडोसा, वर पाटी : 'लाइटवरच्या गोट्या'. आत चार पायांवर उतरती पेटी, वर काच, काचेखाली रंगीत दिवे. दांडी ओढून सोडली की पोलादी गोळी वर उडायची आणि दिव्यांना टकरा देत खाली यायची. खाली दोन पाती. बाजूची बटणं दाबून त्या पात्यांनी गोळी परत वर उडवायची. चुकली की भोकात गेली. वीज गिरणीची.

पेटी रतनबाईची आणि तिचा नवरा सहादेव याची. माणसं पाथर्डीकडची. दरसाल दसऱ्याला बैलगाडी जुंपून ऊस तोडायला जायची. सहादेव एक उन्हाळा मुंबईत हॉटेलात कामाला होता. तिथं अडगळीत पडलेली ही पेटी त्यानं पाहिली आणि रतनबाईनं घोडेगावला बैलजोडी विकून ती आणवली. हिशेब धाडसाचा होता, पण वेडा नव्हता. मार्गशीर्षातल्या खंडोबाच्या यात्रेत पंचांनी देवळासमोरची जागा कबूल केली होती. ती यात्रा साधली की पुढच्या यात्रा आपोआप मिळतात आणि कोयता सुटतो. नाही साधली, तर बैल गेलेलेच होते.

गहिनीनाथ आले तेव्हा आडोशापुढं बाजार जमला. पांढरं धोतर, काळा कोट, खिशाला पेन. सहादेवानं सवयीनं हात पुढं केला, तशी रतनबाई करवादली, "पाहुण्याकडून दहा पैसं घेत्यात व्हय? लाज हाय का?" आणि तिनं कनवटीचं नाणं काढून पेटीत सोडलं. "खेळा दादा."

गहिनीनाथ खेळले, आणि बरे खेळले. तरुणपणी तालमीत गेलेला माणूस. गोळी खाली यायला लागली की हातांच्या आधी कंबर हलायची. दिवे लागत होते, घंटी वाजत होती, मागून कुणी 'लई भारी' म्हणत होतं. चेहरा चवदारकडं झुकायला लागला होता.

"दादा, धक्का नका देऊ," रतनबाई म्हणाली. "पेटीला सोसत न्हाई."

बाईमाणसानं, तेही भर बाजारात, शिकवलेलं त्यांना कसं सोसावं? पुढची गोळी भोकाकडं निघाली तसा त्यांनी पेटीला मांडीचा असा रेटा दिला की काच खणखणली. सगळे दिवे विझले. पाती लुळी पडली. काचेवर एकच लाल शब्द पेटला, इंग्रजी.

बाजार काचेवर वाकला. मग पुंजाराम गिरणीच्या दारातून म्हणाला, "दादा, काय लिवलंय वो?"

इंग्रजी वाचणारा तिथं एकच माणूस. टी, आय, एल, टी. अक्षरं चारही ओळखीची, शब्द अनोळखी. 'ठाऊक नाही' म्हणायला तितकाच वेळ लागला असता. पण आलेल्या तारा वाचून घ्यायला अख्खं गाव ज्याच्या ओट्यावर येतं, त्याच्या जिभेला ते दोन शब्द वळत नाहीत.

"बिघाड," गहिनीनाथ म्हणाले. "यंत्र मोडकं आहे, असं तेच सांगतंय."

"बिघाड न्हाई दादा," रतनबाई म्हणाली. "रुसलीय. वाईच थांबा, आपसूक..."

"रुसलीय!" गहिनीनाथांनी लोकांकडं वळून डोळा बारीक केला. "मग हिला माहेरी धाडा."

हशा असा पिकला की रतनबाईचं पुढचं बोलणं त्यात बुडालं. पेटी परत पेटली तेव्हा गहिनीनाथ बाजाराच्या टोकाला पोचले होते.

पुढच्या अंकात मथळा आला : 'रुसलेली पेटी'. 'डाव रंगात आला की ही विलायती सून तोंड फिरवते. मोडका माल रंगवून खेड्यातल्या माणसाच्या गळ्यात मारायचा आणि वर म्हणायचं, रुसली! पैसे गेले, गोळी गेली, उरला तो अंधार. निकाल : अळणी. चिमूटभर मीठही वाया घालवू नये.'

लेखाची पारायणं झाली. बाजारात पोरंटोरं 'रुसली, रुसली' करत आडोशावरून पळू लागली. यात्रेच्या पंचांचा निरोप आला की देवळासमोर मोडक्या मालाला जागा नाही. आणि नगरात कमिटीनं एकमतानं ठरवलं की ज्याला यंत्रातली लबाडीसुद्धा दिसते, त्याला तमाशातली दिसणारच. खुर्ची मिळाली.

संपादकांनी त्या आनंदात त्यांना कॅम्पातल्या एका हॉटेलात चहाला नेलं. कोपऱ्यात तशीच एक पेटी होती. एक तरुण जवान खेळत होता. गोळी निसटायला लागली, त्यानं पेटीला ढकललं. दिवे विझले. लाल शब्द. तोच.

गहिनीनाथांना बरं वाटलं. इथलीही मोडकीच! कपबशी हातात घेऊन ते उठून गेले. "बिगड गया?"

जवान हसला. "बिगड़ा नहीं, चाचा. मैंने धक्का मारा न! बेईमानी पकड़ ली इसने." त्यानं स्वतःच्याच कपाळावर टपली मारली. घटकाभरात दिवे आपोआप लागले आणि तो पुन्हा खेळायला लागला.

गहिनीनाथांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बशीतला चहा कोटावर सांडला, तो त्यांनी पुसलाही नाही. म्हणजे पेटी बोलली होती ती त्यांच्याविषयी; आणि तिचा अर्थ लोकांनी विचारला होता तोही त्यांनाच.

"संपादकसाहेब," ते परत येऊन म्हणाले, "त्या लेखात जरा चूक झालीय. दोन ओळी छापाल?"

संपादकांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "छापतो की. पण मग प्रत्येक फडाचा सरदार विचारेल, आमच्या वेळीही असाच धक्का मारला होता का? खुर्ची राहील का नाथराव? तुम्ही सांगा, उद्याच छापतो."

गहिनीनाथांनी चहा संपवला. त्या दोन ओळींचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पण दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी ते काष्टीला गेले. मनाशी त्यांनी अशी तडजोड केली होती की छापणं कमिटीला दिसतं, बोलणं नाही. रतनबाई आडोशात पेटीची काच पुसत होती. बाहेर ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम भीमा सहादेवाच्या होकाराची वाट बघत बिडी ओढत बसला होता.

गहिनीनाथ आत शिरले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "रतनबाई, त्या दिवशी... पेटी धड होती. धक्का माझा होता."

तिनं फडकं थांबवलं. त्यांच्याकडं नीट पाहिलं. त्या नजरेत राग असता तर परवडला असता.

"ते मला ठावं हाय दादा. मला कशापायी सांगताय?"

"तुझ्या मनाला..."

"माझ्या मनाचं ऱ्हाऊ द्या. लबाड म्हनालात ते समद्या बाजारात, आन् खरं सांगताय ते कानात?" तिनं गिरणीकडं हनुवटी उडवली. "पुंजारामभाऊचा मेव्हणा पंचात हाय. हितं मोठ्यानं बोला, दिवस मावळायच्या आत तिकडं पोचतंय. म्या पाया पडते. येक डाव बोला."

तिनं खरोखरच वाकून पायाला हात लावला. गहिनीनाथ पाय मागं घेऊन घाईनं बाहेर आले. बाजार भरलेला. ओळखीची तोंडं वळली, बिडी खाली ठेवून भीमाही बघायला लागला. त्यांनी घसा खाकरला. तोंड उघडलंही.

"नाथदादा!" पुंजाराम पिठानं माखलेल्या हातांनी नमस्कार करत ओरडला. "न्यायाधीश झालासा म्हनं! आज कुनाला अळणी करायला आलाय?"

"रुसलेल्या सुनंला नांदवायला आलं असतील!" कुणीतरी म्हणालं.

बाजार खदखदला. आणि त्या हसण्यात गहिनीनाथही हसले. आधी नुसते ओठांनी, मग चांगले खांदे हलवून. मागं आडोशाच्या तोंडाशी रतनबाई उभी होती. ती बघतेय हे पाठीला कळत होतं, म्हणून ते जरा जास्तच हसले, आणि हसत हसतच एस. टी.कडं चालू लागले.

सहादेवानं भीमाला होकार दिला.

आता जमाखर्च. खुर्ची, हार आणि हँडबिलावरचं नाव गहिनीनाथांकडं जमा. कमिटीनं परीक्षक राखला, संपादकानं सदर राखलं, बाजाराला महिनाभर पुरेल इतकं हसू मिळालं. पेटी पुंजारामच्या गिरणीमागं रिकाम्या पोत्यांखाली गेली. बैल आधीच विकलेले, म्हणून त्या हंगामात गाडी नव्हती. उसाच्या मोळ्या रतनबाईनं फडातून डोक्यावर वाहिल्या. स्पर्धेच्या रात्री हार घालताना गहिनीनाथांची मान कुणाला वाकवावी लागली नाही, ती आधीच खाली होती. पण खाली घातलेल्या मानेची किंमत कुणी देत नाही, तेव्हा ती खर्चात धरता येत नाही.

धक्का एकाचा, दंड दुसरीचा. आणि ज्या डावापायी हे सगळं झालं, त्याचे दहा पैसेही तिनंच भरले होते.