न मोजलेला खडा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. जन्माने बिस्किटांचा, पण बिस्किटं माझ्या पोटात फार दिवस टिकली नाहीत. दिघीजवळच्या आमच्या गावात, समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या स्वयंसेवकांचं एक मंडळ आहे. त्याचे अध्यक्ष बापू, नारळी-पोफळीचे बागायतदार, शब्दाचे पक्के. त्यांनीच माझ्या झाकणाला मूठ जाईल एवढं भोक पाडलं आणि मला मतांचा डबा केला.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सभा भरे. अध्यक्षांचं काम पटलं तर शिंपली, नाही पटलं तर खडा. मूठ झाकून आत घालायची. आवाजावरून मत कळू नये म्हणून मंडळातल्या सगुणाने मला आतून गोधडीचं अस्तर लावलं होतं. एका वर्षी चार खडे निघाले. बापू म्हणाले, "कोणी टाकले ते विचारत नाही. का टाकले तेवढं सांगा." लोकांनी सांगितलं आणि आठवड्यात गळकी होडी दुरुस्त झाली. तेव्हा मी मनातल्या मनात फार मिरवलो.

मग अलिबागला बापूंचा सत्कार झाला, शाल आली, फोटो भिंतीवर लागला. पुढच्या सभेत कोणीतरी म्हणालं, "बापूंसमोर डबा कशाला? हात वर करू." बापू नको म्हणाले नाहीत. मी फळीवर गेलो आणि उंदरांनी माझं अस्तर कुरतडून नेलं.

गेल्या वर्षीच्या सभेत सगुणा उठली. "बापू, पाण्यात शिरताना कमरेला बांधतात तो दोर कुजलाय. दोनदा सांगून झालं हाय."

"बघतो गं," बापू म्हणाले.

शेजारची कुजबुजली, "त्यांच्या तोंडावर न्हाय म्हणशील?"

सगळे हात वर गेले. सगुणाचाही गेला. माणसं पांगल्यावर मात्र ती स्टुलावर चढली आणि माझ्यात एक खडा टाकून गेली. तो मोजायला कोणी नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत पर्यटकांची एक मुलगी लाटेत सापडली. सगुणाचा धाकटा भाऊ विनेश तोच दोर बांधून पाण्यात शिरला. मुलगी त्याने लोकांच्या हाती दिली. त्याला ओढून घेताना दोर तुटला. विनेश तिसऱ्या दिवशी सापडला.

तेराव्यानंतर बापूंनी सभा बोलावली आणि मला खाली काढलं. आत काहीतरी खडखडलं. त्यांनी ते तळहातावर ओतलं.

"हा केव्हाचा?"

"सभेच्या दिवशीचा," सगुणा म्हणाली. "दोरासाठी टाकला व्हता. पन हातबी मीच वर केला. माझंबी चुकलंच हाय."

बापूंनी मला सगळ्यांच्या मधोमध ठेवलं. मग त्यांनी आपल्यावर मत घ्यायला सांगितलं. पहिला खडा त्यांनी स्वतःच टाकला, मूठ न झाकता. पत्र्याला रडता येत नाही, नाहीतर मी तेव्हा रडलो असतो.

मित्रांनो, माणूस कितीही भला असो, वर्षातून एकदा त्याच्यासमोर डबा ठेवत जा. माझा गंज काढू नका, मला रंगही नको. माझ्या पोटात काय पडलंय, तेवढं वेळेवर बघा.