शिओमीचा निळा पट्टा आणि मी

मी एक जुनं पातं आहे, मित्रांनो. विळीचं नव्हे आणि पंख्याचंही नव्हे. गुडघ्याखाली पाय नसलेल्या माणसाला पळता यावं म्हणून बांधायचं, कोयत्यासारखं वाकलेलं काळं पातं. सध्या मी एका कोळ्याच्या घरात, दाराआड खिळ्याला लटकतोय. शेजारी कालवं सोलायचे हातमोजे असतात. त्यांचा वास आता माझ्याही अंगाला येतो.

मला घडवलं कृत्रिम पाय बनवणाऱ्या साकाकी आजोबांनी. कार्बनच्या धाग्यांचं कापड त्यांनी थरावर थर देत बसवलं, भट्टीत भाजलं आणि पळायच्या बुटाचा तळ कापून माझ्या बुडाला चिकटवला. आपल्या हातच्या प्रत्येक पात्याशी बोलायची त्यांना सवय होती. मला म्हणाले, "बाळा, पोरगी तापट आहे. तिला पाडू नकोस बरं."

ती पोरगी म्हणजे चिगुसा. बापाच्या बोटीवर कालवांचे दोर ओढताना फासात अडकून तिचा उजवा पाय गेला, तेव्हा ती नुकती विशीत आली होती. त्याआधी शिओमी वाडीत तिच्याइतकं वेगानं कुणी पळत नसे. आमच्या किनाऱ्यावर नवं वर्ष लागलं की वाड्यावाड्यांची साखळी शर्यत होते. आपला टप्पा पळायचा आणि अंगावरचा कापडी पट्टा पुढच्याच्या हातात द्यायचा. शिओमीचा पट्टा निळा. शेवटचा टप्पा वयस्कांचा असतो आणि आमच्या वाडीकडून तो गेंझो, म्हणजे चिगुसाचे बाबा, पळायचे. आपल्या घामाचा पट्टा बाबांच्या हातात द्यायचा, एवढ्यासाठी तिनं माझा हट्ट धरला होता.

पहिल्या वर्षी आम्ही दोघं कासवाच्या चालीनं पळालो. मी नवा, ती घाबरलेली. सगळ्यांत शेवटी पोचलो, तरी काय त्या टाळ्या! यामाते वाडीचे कुमागाई, जे शर्यतीचे प्रमुखही होते, ते तर भर रस्त्यात डोळे पुसत होते. बायकांनी तोंजिरूचे, म्हणजे डुकराचं मांस घातलेल्या सूपचे, वाफाळते वाडगे तिच्या हातात कोंबले. गावभर आमचं कौतुक झालं आणि खरं सांगतो, मीही हुरळून गेलो.

चिगुसानं मात्र घरी आल्या आल्या मला काढून कोपऱ्यात ठेवलं. आई विचारायला गेली तेव्हा म्हणाली, "मी शेवटी आले गं. शेवटी आल्याबद्दल कोण टाळ्या वाजवतं?"

मग तिनं जिवाचं रान केलं. बोटीवरून आलं की मला बांधायचं आणि समुद्राच्या भिंतीकडेनं पळत सुटायचं. तिचा उरलेला पाय बसतो त्या माझ्या खोबणीत तिची कातडी सोलवटायची, पण ती थांबत नसे. दुसऱ्या वर्षी आम्ही मधल्या घोळक्यात आलो. टाळ्या होत्याच, जरा कमी. तिसऱ्या वर्षी वळणावर आम्ही यामातेच्या मादोकाला गाठलं आणि मागे टाकलं. पुढे बाबांनी पट्टा सांभाळून नेला आणि शिओमी वाडी पहिल्यांदाच जिंकली.

तिथंच माशी शिंकली. ज्या हातांनी टाळ्या वाजवल्या होत्या, तेच हात आता मला उलटंपालटं करून बघू लागले. कुणी म्हणालं, यात स्प्रिंग आहे. कुणी म्हणालं, घोटा नाही, म्हणजे घोटा दमणार कसा? मादोका बिचारी वाईट नव्हती. डाकघरात उभ्यानं काम करून ती पहाटे पळायला जायची. ती रडत एवढंच म्हणाली, "मी तिच्याकडून हरले की त्या पात्याकडून, हे मला कुणीतरी सांगा."

मित्रांनो, मलाच ते सांगता आलं नाही. मी दाबला जातो आणि उसळतो, हे खरं. ती जेवढं बळ घालते त्याहून जास्त मी परत देऊ शकत नाही, हेही खरं. मी दमत नाही, पण माझ्यामुळे तिच्या मांडीला जो त्रास होतो तो मादोकाला होत नाही. यातलं काय कशातून वजा करायचं, ते मला ठाऊक नव्हतं. शर्यतीनंतर वाड्यांची सभा भरली, तिथंही एकाही माणसाला ते ठाऊक नव्हतं, पण निर्णय मात्र झटक्यात झाला. चिगुसा पाहुणी म्हणून धावली असं धरायचं, म्हणजे तिची धाव मोजायची नाही. तिची नाही म्हणून वाडीचीही नाही. पुढच्या वर्षी तिनं रोजचं चालायचं पाऊल लावून यावं, मग मोजू. पातं लावायचं असेल तर पाहुणी म्हणून खुशाल पळावं.

वाडीतली पुष्कळ माणसं म्हणाली, पळ की पाहुणी म्हणून, तुला पळायला आवडतं ना? चिगुसा म्हणाली, "जन्म माझा या गल्लीत गेला. आणि मी पाहुणी?"

पुढच्या वर्षी तिनं रोजचं पाऊल बांधलं. ते पाऊल माझा मित्र आहे, गुणी आहे, पण त्याचा जन्म बाजारात जायला आणि जिना चढायला झालाय. पळणं त्याच्या बापजन्मात नाही. मला एका पिशवीत घालून आईनं पट्टा बदलायच्या जागी नेलं. पिशवीच्या तोंडातून मी सगळं बघत होतो.

एकेक वाडीचा गडी येत होता, पट्टा देत होता, कोसळत होता. शिओमीचा निळा पट्टा दिसेना. गेंझो रेघेवर उभे होते, तोंड मागे वळवून. आमच्याकडे नियम असा की ठरल्या वेळी शिट्टी वाजते, कारण रस्ता मोटारींना मोकळा करायचा असतो. ज्याचा गडी आला नाही, त्यानं पांढरा पट्टा घालून तसंच निघायचं. कुमागाईंनी शिट्टी ओठांशी नेली. तेवढ्यात भिंतीच्या टोकाला चिगुसा दिसली. एक पाऊल टाकायची, एक ओढायची. लोकांनी टाळ्या सुरू केल्या. अगदी पहिल्या वर्षीसारख्या.

कुमागाईंनी शिट्टी खाली घेतली. हळूच म्हणाले, "गेंझोसान, जरा थांबू या. पोरीची गोष्ट वेगळी आहे."

गेंझोंनी तिच्यावरची नजर काढली नाही. "कशात वेगळी? मागच्या साली पातं वेगळं होतं म्हणून तुम्ही तिला काढलंत. आज तुम्ही सांगितलेलं पाऊल घालून येतेय ती. मग शिट्टीही सगळ्यांचीच वाजवा."

"अहो, पण ती दिसतेय."

"मला दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला? वाजवा म्हणतो ना."

शिट्टी वाजली. गेंझोंनी पांढरा पट्टा अंगात घातला आणि ते पळत सुटले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. बोटीवर वादळात न डगमगणारा तो माणूस हुंदके देत पळत होता, आणि हे मी पिशवीतून पाहिलं.

चिगुसा रेघेवर पोचली तेव्हा तिथं कुणी नव्हतं. पट्टा तिच्या मुठीत पुढे धरलेलाच होता. लोक टाळ्या वाजवत होते, रडत होते. तिनं आईला विचारलं, "बाबा शिट्टीवरच गेले ना? थांबले नाहीत ना माझ्यासाठी?"

आई म्हणाली, "नाही गं. शिट्टीवरच गेले."

"बरं झालं," ती म्हणाली. तिनं रस्त्याकडे वळून रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला. मग ती पिशवीजवळ खाली बसली आणि माझ्यावर तोंड टेकवून लहान पोरीसारखी रडली. तो ओलावा माझ्यात मुरला नाही, कार्बनमध्ये काही मुरत नाही. पण मला तो विसरताही येत नाही.

त्यानंतर ती पळाली नाही. निळा पट्टा माझ्याच खिळ्याला अडकवलेला आहे. कधीतरी गेंझो येतात, ओल्या फडक्यानं माझी खोबण पुसतात, पट्ट्याला हात लावतात आणि बोटीवर जातात.

मित्रांनो, पातं लावलेल्यानं दोन पायांवाल्यांबरोबर पळावं का, हे मला विचारू नका. मापं घ्या, वेगळी रांग करा, काय हवा तो नियम करा. फक्त तो नियम ती हरत असताना करा, जिंकल्याच्या दिवशी नको. आणि मागे पडलेल्या कुणासाठी टाळ्या वाजवल्यात, तर तो एक दिवस तुमच्या पुढे निघून जाईल, हे धरूनच वाजवा. त्या दिवशी हात खिशात घालू नका.