उपाशीपोटी सुई

मित्रांनो, मी रक्त तपासणीच्या खोलीतली एक जुनी खुर्ची आहे. रुंद हातांची आणि कुरकुरणारी. कुरकुरते म्हणून सगळे मला नावं ठेवतात, पण माझ्या जागी तुम्ही असता तर बोंबच मारली असती.

सुताराने मला मोठ्या मायेने घडवलं. हात टेकायला फळी रुंद ठेवली, कडा घासून गोल केल्या, वर हिरवं रेक्झिन चढवलं. सुरुवातीला जो तो म्हणायचा, "काय ऐसपैस खुर्ची आहे." आता रेक्झिन फाटलंय, आतला स्पंज मुलांनी चिमटीचिमटीने उपटलाय आणि एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे. त्याचं मला काही वाटत नाही. मला वैताग येतो तो मोठ्या माणसांच्या थापांचा. "मुंगी चावते तेवढंच." "आपण नुसतं बसायचं, टोचणार कोणी नाही." ऐकून ऐकून माझे कान किटले. मग सुई टोचली की पोर लाथा कोणाला मारतं? मला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

परवा सकाळी पिट्टू आली. पाच वर्षांची, हाडं वर आलेली. तिचा ताप काही केल्या हटत नव्हता, म्हणून डॉक्टरांनी उपाशीपोटी रक्त तपासायला सांगितलं होतं. रिपोर्ट आल्याशिवाय औषध ठरणार नव्हतं. आई तिला मांडीवर घेऊन माझ्यावर बसली, बाबा शेजारी उभे राहिले. रक्त घेणाऱ्या ताईंनी तिच्या दंडाला पट्टा बांधला आणि पिट्टूने हात असा हिसडला की सुई बाजूलाच राहिली. दुसऱ्यांदाही तेच.

"हात हलला तर नस मिळणार नाही," ताई म्हणाल्या. "आज जमलं नाही तर उद्या परत उपाशी आणावं लागेल."

"आपण बाहुली घेऊ हं," बाबा म्हणाले. "मोठी."

"नको मला बाहुली."

"शहाणी ना माझी? काही दुखत नाही गं."

मला हात दोन आहेत, पण डोकं नाही. असतं तर डोक्याला हात लावून बसले असते.

मग पिट्टू हुंदके देत आईला म्हणाली, "मी दूध मागितलं होतं. तूच दिलं नाहीस."

"अगं, आज उपाशी यायचं होतं."

"मग मला का टोचतात? मी जेवणार होते. तू दिलंच नाहीस."

तेव्हा मला उलगडा झाला. घरी पिट्टू ताटावर टंगळमंगळ करत असणार, तेव्हा हीच आई रोज सांगत असणार, "जेवली नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील." आणि आज तिनेच सकाळपासून लेकीच्या पोटात घास जाऊ दिला नव्हता आणि सरळ सुईपुढे आणून बसवलं होतं. पोरीचं काय चुकलं? मला त्या आईचा असा राग आला की मी मुद्दाम करकरले. पण तिने पिट्टूला आपल्याकडे वळवून तिचे डोळे पुसले. ते पाहिलं आणि माझा राग निम्मा उतरला.

"पिट्टू, मी खोटं सांगत होते," आई म्हणाली. "तू जेवावंस म्हणून. सुई ही शिक्षा नसते. तू काहीच चुकीचं केलं नाहीस. ताप का येतो ते बघायला रक्त लागतं."

"दुखेल?"

बाबांनी तोंड उघडलं. आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं.

"हो, दुखेल. रड हवं तेवढं, मी धरून ठेवते. हात तेवढा हलवू नकोस."

"आणि मग दूध?"

"लगेच."

पिट्टू रडली, चांगली गळा काढून रडली. पण हात माझ्या फळीवर जसाच्या तसा राहिला आणि नळी भरली.

मित्रांनो, मला नवं रेक्झिन नको, नवा पाय नको. तुमच्या घरच्या मोठ्यांना एवढंच सांगा, की मुलांना सुईचा धाक दाखवू नका, आणि दुखणार असेल तर दुखणार म्हणा. अर्थात मी सांगून काय उपयोग, पालथ्या घड्यावर पाणी. पिट्टू दाराशी पोचते न पोचते तोच एक आजी नातीला घेऊन आत आल्या. मला पाहताच नातीने भोकाड पसरलं.

"गप्प बस," आजी म्हणाल्या, "नाहीतर ही बाई मोठी सुई टोचेल."

पिट्टू थांबली. कोपरावरचा कापूस दाबत मागे वळली.

"आजी, तिला रागावू नका," ती म्हणाली. "तिने काहीच केलेलं नाहीये."