चाटून दिलेलं प्रमाणपत्र

सभागृहाच्या दारातून निघालेली रांग टपाल कार्यालयाला वळसा घालून सायकल दुरुस्तीच्या दुकानापर्यंत पोचली होती. रांगेत कुबड्या होत्या, चाकाच्या खुर्च्या होत्या, गुडघ्याला पट्टे बांधलेली माणसं होती. आत मंचावर, मखमली उशीवर, फुटबॉलएवढं एक तपकिरी अंडं ठेवलेलं होतं. शेजारी पाटी होती : ‘सात कोटी वर्षांपूर्वीचं अंडं. अजून जिवंत.’

अंड्याचा मालक काळा कोट घालून फिरायचा. जीवाश्म विकणं हा त्याचा धंदा, म्हणून लोकांनी त्याचं नाव खडकभाऊ ठेवलं होतं.

“मायबाप, आई गेली, बाप गेला, पण हे लेकरू झोपलंय!” खडकभाऊ गहिवरून सांगायचा. “त्याला तहान लागते. पाणी पाजा, कुशीत घ्या, बघा ऊब येते की नाही! सात कोटी वर्षं टिकलेला जीव आहे हा. त्यानं कधी गोळी घेतली होती? इंजेक्शन घेतलं होतं? मग तुम्हाला कशाला हवंय?”

मग रांगेतली एखादी बाई अंड्याच्या चिरेतून चमच्यानं पाणी घालायची. खडकभाऊ अंडं मांडीवर घेऊन जोजवायचा, हलवायचा, डोळे मिटायचा. दहाएक मिनिटांत अंडं खरोखर गरम व्हायचं. लोक हात लावायचे, रडायचे, आणि जाताना टरफलाचा तुकडा असलेली डबी विकत घ्यायचे. प्रत्येक डबीत एक छापील कागद असायचा : ‘हे अंडं मी स्वतः तपासलं असून ते अस्सल आहे.’ खाली सही.

ती सही माझी होती.

आता हसायचं असेल तर हसून घ्या. मी पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासतो आणि सुट्टीच्या दिवशी हौशी जीवाश्म संग्राहक मंडळाचा सचिव असतो. मंडळाचे सभासद अकरा, त्यातले सात चहापुरते. गावात कुणी बुवा आला की त्याच्याविरुद्ध पत्रक काढणारा पहिला माणूस मीच. आणि जीवाश्म विकणाऱ्यांवर तर माझा विशेष राग. त्यांच्याविरुद्ध मी आमच्या अंकात चौदा पानी लेख लिहिला होता. आमचे अध्यक्ष, निवृत्त भूमापक, मला म्हणाले होते, “अहो, त्यांनी खोदलं नाही तर पावसानं झिजून जाईल. निदान कुणाच्या कपाटात तरी राहील.” माझा न्हावी म्हणाला होता, “ज्याला सापडलं त्याचं. त्यात एवढं काय?” दोघांनाही मी एकच उत्तर दिलं होतं : जीवाश्म कुठून काढला, कोणत्या थरातून काढला, याची नोंद नसेल तर तो नुसता दगड. उत्तर चांगलं होतं. मी ते स्वतः लक्षात ठेवायला हवं होतं.

एके दिवशी खडकभाऊ घरी आला. हातात आमचा अंक!

“साहेब, तुमचा लेख तीनदा वाचला. आम्ही पडलो धंदेवाले, आम्हाला काय कळतं? तुमच्यासारख्या जाणकारानं एकदा अंडं बघावं, एवढीच इच्छा आहे.”

तो लेख तीनदाच काय, एकदासुद्धा कुणी वाचला नव्हता. माझ्या बायकोनं दुसऱ्या पानावर जांभई दिली होती. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो ते थेट शेंड्यावर जाऊन बसलो. अंडं कुठून काढलं, असं मी विचारलं खरं. “ते धंद्याचं गुपित, साहेब,” तो म्हणाला. आणि मी समजूतदारपणे मान डोलावली.

मग मी अंडं चाटलं.

आमच्यात ही रीत आहे. जुनं हाड सच्छिद्र असतं, जिभेला चिकटतं. साधा दगड चिकटत नाही. ही कसोटी हाडाची, अंड्याची नव्हे, पण झाडाच्या शेंड्यावर बसलेल्या माणसाला असले बारकावे दिसत नाहीत. जीभ चिकटली आणि मी सही ठोकली.

त्यानंतर मी रोज सभागृहात जायचो. सोमवारी अंड्याची चीर डावीकडे होती, बुधवारी ती उजवीकडे दिसली. मी मंडळाच्या वहीत लिहिलं : ‘कवचात हालचाल?’ ते प्रश्नचिन्ह म्हणजे माझ्या वैज्ञानिक वृत्तीचा एकमेव पुरावा.

आणि मग माझी थोरली बहीण न्हाणीघरात चक्कर येऊन पडली.

ताई दोन गल्ल्या सोडून राहते. तिला वीस वर्षांपासून रक्तदाब आहे. भुवईला तीन टाके पडले. डॉक्टरीणबाई रक्तदाबाचा आकडा बघून म्हणाल्या, “गोळ्या कुणी बंद केल्या? पुढच्या वेळी टाक्यांवर भागणार नाही.”

“वन्सं, खरंच बंद केल्यात?” माझ्या बायकोनं विचारलं.

ताईनं उशीखालून डबी काढली. आत टरफलाचा तुकडा आणि माझ्या सहीचा कागद, चार घड्या घातलेला.

“याची सही आहे की,” ती म्हणाली. “हा लहानपणापासून दगड चाटतोय. याला नाही कळणार तर कुणाला?”

“ताई, अंडं अस्सल आहे एवढंच मी लिहिलंय. त्यानं माणूस बरा होतो असं कुठं लिहिलंय?”

“अस्सल आहे ना? झालं तर मग.” ताई कूस बदलून झोपली. गोळी घ्यायला तिनं साफ नकार दिला.

बायकोनं तो तुकडा नखानं खरवडला. तपकिरी रंगाखालून पांढरी भुकटी निघाली. माझी बायको दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिचे हात प्लास्टरमध्ये असतात.

“अहो, हे तर माझ्या कामातलं आहे,” ती म्हणाली. “तो पाणी घातल्यावर अंडं हलवतो ना?”

“जोजवतो.”

“जोजवत नाही, ढवळतो. आत कोरडं प्लास्टर भरलंय. पाणी लागलं की ते आवळतं, म्हणजे घट्ट होतं, आणि आवळताना तापतं. माझ्या हातात रोज पंधरा साचे तापतात. मी कधी तिकीट लावलं नाही.”

“म्हणजे रोजचं अंडं...”

“रोज नवं. आवळलेलं प्लास्टर पुन्हा तापत नाही. तुमची ती चीर काय चालत गेली होती?”

मी म्हणालो, “आधी मंडळाची तातडीची बैठक बोलावतो.” ती तोवर चपला घालून निघालीही होती.

दुपारी सभागृह भरलेलं होतं. ताईही आली होती, कपाळाला पट्टी लावून, पहिल्या रांगेत. माझी बायको मंचावर चढली. अंगात कामाचा पांढरा पडलेला अंगरखा, हातात भोक पाडलेला रबरी चेंडू. “यात मी घरून प्लास्टर भरून आणलंय,” असं सांगून तिनं सर्वांसमोर आत पाणी घातलं आणि चेंडू मांडीवर घेऊन हलवायला लागली.

दहा मिनिटं फार मोठी असतात. लोक खोकले, खुर्च्या करकरल्या, मागून कुणी तरी “उतरा खाली!” म्हणून ओरडलं. मी भिंतीला टेकून खांबामागे दिसेनासा होण्याचा प्रयत्न करत होतो. शेवटी तिनं चेंडू पुढच्या रांगेत दिला.

“गरम आहे!” कुणीतरी म्हणालं.

“आता सांगा,” बायको म्हणाली, “हा चेंडू कुठल्या प्राण्यानं घातलाय?”

हशा पिकला. आमच्या मंडळाचे अध्यक्षही आले होते; त्यांनी तेवढ्यात मंचावरच्या टेबलाचं कापड वर केलं. खाली खोक्यात आणखी चार अंडी होती, आणि प्लास्टरची अर्धी गोणी.

खडकभाऊ मात्र कच्च्या गुरूचा चेला नव्हता. “मी अडाणी विक्रेता!” तो कडाडला. “पण साहेबांनी माझं अंडं चाटून बघितलंय! विचारा त्यांना!”

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. ताईसुद्धा. तिची मुद्रा पाहून मला कळलं की चेंडू, गोणी, चार अंडी यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. ती माझी वाट बघत होती.

मला पळून जावंसं वाटलं. मीटर तपासायला गेलो की यापुढं लोक दारातून हसतील, हे तेव्हाच दिसत होतं. पण मी मंचावर गेलो. बायकोनं अंगरख्याच्या खिशातून पोस्टमास्तरांच्या खालच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा काढला आणि माझ्या हातात ठेवला. मी तो सर्वांसमोर चाटला.

चिकटला. अंड्यापेक्षा घट्ट.

“हे पोस्टमास्तर आहेत,” मी जीभ सोडवून म्हणालो, “आणि सात कोटी वर्षांचे नाहीत. प्लास्टरही जिभेला चिकटतं, हे मला माहीत नव्हतं. बायकोला विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. अंडं कुठून आणलं हे यानं सांगितलं नाही, तेव्हाच मी उठायला हवं होतं. यानं माझी स्तुती केली, म्हणून मी बसून राहिलो. ती सही खोटी नाही, ती मूर्खाची आहे. ज्यांनी ज्यांनी औषध बंद केलंय, त्यांनी आज घरी जाऊन सुरू करा. ताई, तूसुद्धा.”

लोक पोट धरून हसले. मग रांगेतल्या एकेकानं डब्या उघडून बघायला सुरुवात केली आणि हसणं थांबलं. खडकभाऊला मागच्या दारानं जाऊ दिलं नाही. त्याचं पुढं काय करायचं ते पोलिसांनी ठरवलं.

घरी जाताना ताई म्हणाली, “घेते हो गोळी. पण एक ऐक. मी त्या अंड्यावर कधी विश्वास ठेवलाच नव्हता. मला काय कळतंय अंड्यातलं? मी तुझ्यावर ठेवला होता.”

मी तिच्याकडून डबी मागून घेतली आणि आतला कागद खिशात घातला.

आता मंडळाच्या भिंतीवर ते प्रमाणपत्र चौकटीत लावलंय. सभासदांचा विरोध होता, पण मी ऐकलं नाही. तेव्हा वाचकहो, एवढंच करा. कुणी चमत्कार दाखवला तर विचारा, हे कुठून आणलं आणि आत काय आहे. उत्तर मिळालं नाही तर उठून या. ज्याच्या हाताला त्या कामाची सवय आहे अशा माणसाला विचारा. आणि खाली एखाद्या शहाण्याची सही असेल, तर आधी त्या शहाण्याला विचारा, की तू हे नक्की कसं तपासलंस?